छाप तीन, अक्षर चांगले

वयाच्या एकसष्टाव्या वर्षी मी संगणकावर पहिला खेळ खेळलो आणि पहिल्या अर्ध्या तासात चार वेळा मेलो. निवृत्त गणितशिक्षकाने असे काही लिहून कबूल करावे की नाही, याविषयी मी अजूनही साशंक आहे. पण त्या खेळांनी माझ्या मनात जे कुतूहल जागे केले ते लपवणे मला त्याहून कठीण वाटते.

भाचीने नवा लॅपटॉप घेतला आणि जुना मला दिला. तिचे गाव अवसरी बुद्रुक. शिक्षण पुण्यात, औषधनिर्माणशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला. तिचे वडील हयात नाहीत. लॅपटॉपचे झाकण नीट उघडत नव्हते म्हणून मी तो जुन्नरच्या स्टँडजवळच्या दुरुस्तीच्या दुकानात नेला. दुकानदार माझा जुना विद्यार्थी. तो माझ्या विषयात दोनदा नापास झाला होता. आता तो पंचेचाळिशीचा आहे, हाताखाली दोन माणसे आहेत, आणि मी त्याला ‘तुम्ही’ म्हणतो. विद्यार्थ्यांना ‘तू’ म्हणणे मला कधी नीट जमलेच नाही.

“सर, यात एक जुना गेम टाकून देतो,” झाकण बसवता बसवता तो म्हणाला. “मी सायबर कॅफे चालवायचो तवाचा हाय. तुमाला जमंल. त्यात लई गणित हाय.”

‘गणित’ या शब्दाने मी फसलो.

तो खेळ सुरू होण्याआधी एक माणूस घडवावा लागे. त्याचे सहा गुण: मी माझ्या वहीत त्यांना बळ, चपळाई, काटकपणा, बुद्धी, शहाणपण आणि छाप अशी नावे दिली. छाप म्हणजे समोरच्यावर पडते ती. वाटायला ठरावीक अंक मिळत. एकीकडे वाढवले की दुसरीकडे कमी करावे लागत. मी अर्थातच सर्व गुणांना समान अंक दिले, कारण अन्याय कोणावरच नको. माझा तो न्यायी माणूस गावाबाहेर पडताच एका रानकुत्र्याने मारला. चारही वेळा त्याच कुत्र्याने.

मी दुकानात जाऊन हे सांगितले तेव्हा दुकानदाराने स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवला.

“तुमी सगळ्या विषयात पस्तीस-पस्तीस वाटले, सर. पोरगा पास झाला. पण कुत्र्याला मार्कशीट दाखवून भागत न्हाई.”

घरी येऊन मी दुसरा माणूस घडवला. या वेळी न्याय बाजूला ठेवला आणि प्रामाणिकपणा वापरला. बुद्धीला सतरा दिले, बळाला आठ. छापेला तीन. तीनच्या खाली खेळ जाऊ देत नव्हता.

मग जे घडले ते मला चकित करणारे होते. नगराच्या वेशीवरचा पहारेकरी माझ्या माणसाचे बोलणे पुरे होऊ देईना. इतरांना तिथे बोलण्यासाठी चार-पाच वाक्यांतून निवड करता येते, हे मला नंतर कळले; माझ्यासमोर एकच वाक्य येई, “बरे, मी निघतो.” व्यापारी दुकानाची फळी लावून घेत. पुलाची साखळी बळ कमी म्हणून ओढता येईना. शेवटी मी दलदलीतून वळसा घेतला आणि त्यात माझे दोन आठवडे गेले. मात्र त्या दलदलीत एक पडके देऊळ होते, आणि त्याच्या भिंतीवरचा लेख माझ्या माणसाला वाचता येत होता.

आणखी एक गोष्ट घडली, जिच्यामुळे मी या खेळात खऱ्या अर्थाने अडकलो. नदीकाठी कपडे धुणारी एक म्हातारी होती. ती माझ्या माणसाला म्हणाली, “तू कोणाला सांगणार नाहीस. तुझ्याकडे बघूनच कळते.” आणि तिने एका गुप्त तळघराची वाट सांगितली. मला राहवेना. मी छाप सतरा असलेला एक देखणा, बोलका माणूस घडवून तिच्याकडे पाठवला. तिने पदर सावरला आणि ती घरात गेली. छाप दहा असलेला पाठवला; त्याच्याशी ती हवापाण्याचे बोलली. म्हणजे खेळ बनवणाऱ्या कोणा अनोळखी माणसाने, कुठल्या तरी देशात, न बोलणाऱ्यांसाठी एक वेगळे दार करून ठेवले होते. ते सापडावे म्हणून त्याने कुठेही खूण केली नव्हती.

भाची एका रविवारी जुन्नरला आली, तेव्हा मी तिला वहीतली कोष्टके दाखवली. ती पोट धरून हसली आणि मग तिने तिचा नवा खेळ माझ्यापुढे उघडला.

तिथे सहा अंक नव्हतेच. आरंभी फक्त चेहरा घडवायचा. भुवया निवडण्यात आमची वीस मिनिटे गेली. गुण होते, पण ते वापराने वाढत. धावले की काटकपणा वाढे, बोलत राहिले की छाप वाढे. प्रत्येक गुणाच्या खाली टक्के लिहिलेले. शिवाय एक कुंड होते, त्यात बुडी मारली की सगळे गुण पुन्हा कोरे होत आणि नव्याने वाटता येत.

“मग चुकीचे काय उरले?” मी विचारले.

“काही नाही. तीच तर मजा आहे, मामा. इथं दार बंद नसतं. फक्त वेळ लागतो.”

मी माझ्या स्वभावाप्रमाणे पडताळा घेतला. छाप वाढवणारी एक अंगठी मिळाली होती. ती घालून मी पहारेकऱ्याशी बोललो, मग ती काढून बोललो. त्याने दोन्ही वेळा तेच वाक्य तितक्याच आदराने म्हटले. तलवारीचा घाव किती खोल जाईल, वस्तू किती स्वस्त मिळेल, यात अंकांमुळे फरक पडे. पण जग माझ्याकडे कसे पाहते यात काहीच बदल होत नव्हता. माझ्या वहीत या खेळाचे चाळीस अंक जमा झाले आणि त्यांतले सदतीस काढून टाकले असते तरी कोणाच्या लक्षात आले नसते.

दुकानदाराला मी हे सांगितले, तेव्हा त्याला आपली बाजू जिंकल्यासारखा आनंद झाला. “मंग! सगळ्यांला सगळं मिळत असंल तर निवडायचं कशाला? जुन्या गेममधी माणूस कोण हाय ते कळायचं, सर.”

मी मनातून त्याच्या बाजूचा होतो. पुढच्या रविवारी तसे भाचीला बोलूनही दाखवले. ती हसली नाही.

“तुमच्या त्या खेळात पहिल्या पानावर चूक झाली तर वीस तासांनी कळतं,” ती म्हणाली. “मागे जाता येत नाही. मला तो खेळ माहिती आहे, मामा. फक्त माझे अंक दुसऱ्यांनी भरलेत.”

मग तिने जे सांगायचे होते ते सांगितले. येडगावचे स्थळ पक्के होत होते. मुलगा तिला आवडला होता, दोघे फोनवर बोलतही होते. पण घरच्यांना लग्न वैशाखात हवे होते आणि तिची शेवटची परीक्षा ज्येष्ठात होती. मुलाच्या घरचे, नंतर देईल की परीक्षा, असे म्हणत होते. ‘नंतर’ म्हणजे काय हे तिने आपल्या दोन मैत्रिणींच्या बाबतीत पाहिले होते.

“बैठकीत मला बसवणार नाहीत. आई आत असेल. तुम्ही बोला. एवढं एकच वाक्य. लग्न परीक्षेनंतर.”

मी हो म्हणालो. हो म्हणायला छाप लागत नाही.

आमच्याकडे बैठकीला एक बोलका माणूस बरोबर न्यायची पद्धत आहे. तो नात्यात जवळचा असलाच पाहिजे असे नाही. त्याला बोलता आले पाहिजे. आमच्या नात्यात हा मान बोरी बुद्रुकच्या एका काकांचा. ते भाचीच्या वडिलांचे चुलतभाऊ. सोयरीक कोणाचीही असो, पांढरा फेटा बांधून ते पुढे बसतात. दुसरी पद्धत अशी, की ठरलेल्या गोष्टींची यादी चांगल्या अक्षराच्या माणसाने लिहायची. गेली पस्तीस वर्षे तो माणूस मी आहे. किती लग्नांच्या याद्या माझ्या हातच्या आहेत मला मोजता येणार नाहीत. त्यांतल्या एकाही बैठकीत मी बोललेले कोणाला आठवणार नाही.

म्हणून मला जे सुचले ते माझ्यासारख्याच माणसाला सुचेल. मी एक चिठ्ठी लिहिली. तिचा तीनदा कच्चा मसुदा केला. ‘सविनय निवेदन की, चि. सौ. कां. वधूचे शैक्षणिक वर्ष विचारात घेता’ अशी तिची सुरुवात होती. बैठकीच्या दिवशी, माघातल्या एका सकाळी, अवसरीच्या अंगणात मी ती काकांच्या हातात दिली.

“बघतो, सर,” म्हणून त्यांनी ती सदऱ्याच्या खिशात सारली आणि चहाकडे वळले.

बैठक रंगली. काकांनी पावसावर विनोद केला, येडगावच्या धरणातल्या पाण्यावर दुसरा केला. कोणत्या बाजूने काय करायचे ते एकेक ठरत गेले आणि मी खाली मान घालून लिहीत गेलो. मी वाट पाहत होतो. काका खिशात हात घालतील, असे मला प्रत्येक ओळीला वाटत होते. दाराच्या पडद्यामागे बांगड्या वाजल्या. ती बहीण होती की भाची, मला कळले नाही.

“आणि तारीख,” मुलाचे वडील म्हणाले.

“वैशाखात उडवून टाकू की बार!” काका म्हणाले. “पाव्हणं म्हणतील तो मुहूर्त. लिवा, सर. वैशाख.”

मी ‘लग्नाची तारीख’ एवढे लिहिले. पुढे काही लिहिले नाही.

मी काही ठरवले नव्हते, हे मला प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. बोलायचे आहे हे मला ठाऊक होते आणि तोंड उघडत नव्हते. पण हातही पुढे सरकत नव्हता. लोक थांबले. यादी लिहिणारा थांबला की सगळ्यांना थांबावेच लागते, हे मला पस्तीस वर्षांत कधी जाणवले नव्हते.

“पेन संपलं का काय सरांचं?” कोणीतरी म्हणाले. एकाने निळे पेन पुढे केले, दुसऱ्याने काळे. “घ्या राव, लाजताय काय!”

“पेन आहे,” मी म्हणालो.

“मंग लिवा की.”

“लिहिता येत नाही.” माझा आवाज मलाच परका वाटला. “म्हणजे... परीक्षा आहे तिची. ज्येष्ठात. ती देईल. मग मी तारीख लिहितो.”

हे वाक्य नीट बांधलेले नव्हते. मी ते मनात शंभरदा म्हटले होते आणि दर वेळी ते याहून चांगले होते.

मग काकांनी सावकाश खिशातून चिठ्ठी काढली, ती हातभर लांब धरली आणि डोळे बारीक केले. “ह्येच व्हतं का यात? आरं देवा! चष्मा घरी राह्यलाय माझा. सर, तुमी तोंडानं सांगितलं असतं तर मी आधीच बोललो असतो!”

सगळे हसले. मुलाचे वडील हसले नाहीत. ते माझ्याकडे पाहत होते. त्यांना राग आला आहे की नाही, हे मला आजही सांगता येणार नाही.

“आमच्या घरात कुणी एवढं शिकलेलं नाय,” ते शेवटी म्हणाले. “एका महिन्याची परीक्षा अशी अडती, हे आमच्या ध्यानात नाय आलं. न बोलणारा माणूस बोलला म्हंजी काहीतरी असंल.” ते काकांकडे वळले. “तुळशीचं लग्न झाल्यावर धरा. कार्तिकात.”

मी तारीख लिहिली.

यानंतर बरेच दिवस मी विचार करीत होतो, की मी दोन्हींपैकी कोणत्या खेळात होतो. माझी छाप तीनची चार झाली नव्हती. पुढच्याच आठवड्यात दूधवाल्याला जास्तीचे अर्धा लिटर नको म्हणणे मला जमले नाही. म्हणजे जुना खेळ खरा. पण बंद म्हणून ज्या दारापुढे मी जन्मभर बसलो होतो ते उघडलेही होते. म्हणजे भाचीचा खरा. दुकानदाराचे मत असे, की काकांनी चष्मा आणला असता तर मला बोलावेच लागले नसते, आणि अशा योगायोगाला कोणत्याही खेळात अंक नसतो. तो गणितात नापास कसा झाला, हे मला आता कळेनासे झाले आहे.

त्या दिवशी पाहुणे गेल्यावर भाची पडद्यामागून बाहेर आली. तिने यादी उचलली आणि शेवटच्या ओळीपर्यंत वाचली. तिचे डोळे ओले होते, पण सूर नेहमीचाच खोडकर.

“मामा,” ती म्हणाली, “इथं तुमचं अक्षर बिघडलंय.”