त्याला ती दिसतेय

मांडवीला आमच्या शेजारी राहणाऱ्या काकू नवऱ्याला सिनेमा सांगतात. काकांची दृष्टी गेली, सिनेमाची हौस मात्र गेली नाही. संवाद ते ऐकतात. पडद्यावर न बोलता जे घडतं, ते काकू त्यांच्या कानाशी हळू आवाजात सांगतात. त्यासाठी तो सिनेमा आधी एकट्या बघून ठेवतात. शेवट माहीत असला तरी समोर दिसतं तेवढंच बोलायचं, हा त्यांचा नेम.

गेल्या रविवारी मीही त्यांच्याकडे जाऊन बसले. त्या सिनेमातल्या नायकाची बायको कधीच वारलेली असते आणि तो तिच्या आठवणीशीच बोलत असतो, हे अगदी शेवटी कळतं. मी तो पाहिलेला होता, त्यामुळे मलाच धाकधूक. "ती खिडकीशी उभी आहे" म्हणावं तर ते खोटं, आणि खरं सांगावं तर काकांची सगळी मजा गेली.

काकू शांतपणे म्हणाल्या, "त्याला ती खिडकीशी दिसतेय." पुढेही प्रत्येक वेळी "त्याला दिसतेय" एवढंच.

उलगडा झाला तेव्हा काका मोठ्याने हसले. "काय गो, मघापासून सांगत होतीस की! माझ्याच लक्षात नाय आलं."

पडद्यावर नायक रिकाम्या घराचं दार ओढून घेत होता.

"आता काय चाललंय?" काकांनी विचारलं.

काकूंनी चष्मा काढून पदराने डोळे टिपले.

"थांबा जरा. मलाच काय दिसत नाय आता."