किल्ली माझ्या खणात होती

त्या बाईवरचा माझा राग आठवला की आजही मला माझीच चीड येते.

रत्नागिरीत मी एका लहान रुग्णालयात बाह्यरुग्ण विभाग पाहत होतो. ऐंशीच्या दशकाची मधली वर्षं. ती पूर्वेकडच्या एका वाडीतून यायची. सडकेपर्यंत दिराची बैलगाडी, पुढे तीन तास एस.टी. सोबत सासू. नवरा मुंबईला गिरणीत. फुप्फुसांकडे रक्त नेणाऱ्या वाहिन्यांतला दाब वाढून तिचं हृदय थकलं होतं. मुंबईच्या डॉक्टरांनी चिठ्ठीत लिहिलं होतं : अंगात पाणी साठू देऊ नका, पण फार सुकवूही नका. तिला महिन्यातून एकदा तपासून लघवीच्या गोळीचं प्रमाण ठरवणं, एवढंच माझं काम.

ती यायची तेव्हा पाय सुजलेले. नडगीवर बोट दाबलं की खळगा. वजनही किलोभर जास्त.

"मीठ खातेस तू," मी म्हणायचो. ती माझ्याहून वयाने मोठी, तरी मी एकेरीतच बोलत असे.

"नाय ओ डाक्टर. पेजेतपण नाय."

"सुकट? पापड?"

सासू भडकायची. "तिचं मडकं येगळं मांडलंय मी चुलीवर! माझ्या समोर आळणी जेवते ती!"

"मग पाय काय वाऱ्याने सुजले?"

रांगेतले लोक हसायचे. मला ते आवडायचं, हेही कबूल करतो. मग मी गोळी वाढवायचो. तीन महिन्यांत तीनदा वाढवली. अंगात पाणी खरंच किती आहे ते मानेची फुगलेली शीर सांगते; ती मी एकदाही नीट पाहिली नाही. पाय पाहून माझा निकाल झालेला असे.

चौथ्या वेळी दिराने तिला भाड्याच्या जीपमध्ये आडवी घालून आणली. विहिरीवर उभ्या उभ्या चक्कर येऊन पडली होती. कपाळ चिऱ्यावर फुटलेलं. जीभ कोरडी, नाडी बारीक, रक्तदाब जेमतेम लागणारा. आणि पाय? साफ उतरलेले. ती आडवी असूनही मानेची शीर दिसेना. अंगात पाणीच उरलं नव्हतं.

"गोळ्या किती घेतल्या हिने?" मी सासूवर ओरडलो.

"तुमी लिवल्या तेवढ्या."

सलाईन लावताना आमच्या आयाबाई शांतपणे म्हणाल्या, "डॉक्टर, घरी ती रोज घेते. फक्त इथे यायच्या दिवशी घेत नाही. आदल्या दिवशीही नाही, असर उरेल या भीतीने."

"का?"

"का म्हणजे? गोळी घेतली की दर अर्ध्या तासाला जावं लागतं. बाईमाणसाने एस.टी.त काय करायचं? तुमचं बरं आहे. गाडी थांबली की अख्खा घाट तुमचाच."

"मग इथे येऊन घ्यायची!"

आयाबाईंनी हनुवटीने मागच्या दाराकडे खूण केली. आमच्या रुग्णालयातल्या बायकांच्या संडासाला कुलूप होतं. उन्हाळ्यात पाणी पुरत नाही म्हणून तो फक्त स्टाफसाठी ठेवायचा, असं ठरलं होतं. ते मीच ठरवलं होतं. किल्ली माझ्या टेबलाच्या खणात.

म्हणजे दोन दिवस न घेतलेली गोळी आणि तीन तास लोंबकळलेले पाय, हे मी दर महिन्याला मोजत होतो. उरलेले अठ्ठावीस दिवस ती घरी सुकत होती, माझ्या हस्ताक्षराने. "गोळ्या घेतेस ना?" असं मी विचारायचो आणि ती खरंच "घेते" म्हणायची. "आज घेतलीस का?" हे तीन शब्द मला सुचले नाहीत. मिठाचा आळ घेणं सोपं होतं.

ती वाचली. गोळी मी पहिल्या प्रमाणावर आणली. घरी जाताना तिला सांगितलं, "औषध जरा जास्त पडलं होतं." कोणाच्या हातून, ते सांगितलं नाही. तिनेही विचारलं नाही. उलट हात जोडले. त्या जोडलेल्या हातांचा मला अजून राग येतो. तिने माझ्यावर ओरडायला हवं होतं.

कुलूप त्याच दिवशी काढलं. पाण्यावरून स्टाफने कुरकुर केली, तेव्हा मी इतका संतापून बोललो की सगळे आपापल्या कामाला लागले. त्यांना वाटलं, मी त्यांच्यावर चिडलोय.

पुढच्या महिन्यात ती आली तेव्हा त्या दिवशीची गोळी तिने आमच्या पायरीवर बसून घेतली. तास-दोन तास बसली, दोनदा जाऊन आली. मग मी तिला पाठीशी उशी देऊन कलती निजवून आधी मान पाहिली, पाय नंतर.

"डाक्टर," ती म्हणाली, "आता पेजेत चिमूटभर मीठ घालू?"

मला नाही म्हणावं लागलं; हृदय थकलेलं होतं तसंच होतं, मिठाने पाणी पुन्हा साठलं असतं. तीन महिने मी जिच्यावर मिठाचा आळ घेतला, तिला मी तेव्हाही मीठ देऊ शकलो नाही.