सात नंबरची मादी

पुनावळ्यात, आठव्या मजल्यावरच्या धम्मरत्नांच्या गॅलरीत कपडे वाळत नाहीत, सरडे राहतात. येमेनकडचे, रंग बदलणारे, जाळीच्या पिंजऱ्यांत. चाकणच्या कंपनीत एकतीस वर्षं क्वालिटीला काढून रिटायर झाल्यावर त्यांना हा नाद लागला. प्रत्येक सरड्याची सरकारदरबारी नोंद, प्रत्येकाला नंबर. त्यातली सहा आणि सात नंबरची जोडी जर्मनीतल्या एका हौशी माणसाने पसंत केली, आणि निर्यातीच्या परवान्यासाठी धम्मरत्नांनी चौदा महिने खेटे घातले.

परवाना मंगळवारी आला. सात नंबरची मादी रविवारीच मेली होती.

"मेल्याचं कुणाला कळवलंत?" वाकडहून पेटी घेऊन आलेल्या निरंजनने विचारलं. जनावरं परदेशी पाठवायची कागदपत्रं तोच बघायचा.

"अजून नाही."

"मग झालं तर! तिची मुलगी आहे ना, अकरा नंबर? हुबेहूब आई. तिलाच पाठवू."

"परवाना सातचा आहे."

"अहो काका, विमानतळावर सरड्याला नाव विचारतात का!"

आतून धम्मरत्नांच्या पत्नी चतुराबाई म्हणाल्या, "पाठवा की हो. दोन पिंजरे तरी हलतील. चादरी बाथरूममध्ये वाळवतेय मी."

"नाही पाठवलं तर?" धम्मरत्नांनी विचारलं.

"परवाना रद्द. नवा अर्ज, पुन्हा वर्ष. तुमचा सहा नंबर टिकणारे का तोवर?"

तेच तर. सहाची जीभ हल्ली नाकतोड्यावर दोन-दोनदा चुकायची.

धम्मरत्न खुर्चीत टेकले. "निरंजन, एका पार्टवर दुसऱ्याचा नंबर लावून माल सोडा म्हणणारे चार साहेब बघितले मी. चौघांशी भांडलो. आता भांडायचा कंटाळा आलाय रे."

"मग पाठवू?"

"नाही. कंटाळा आलाय, एवढंच म्हटलं."

निरंजन रिकामी पेटी घेऊन गेला. धम्मरत्नांनी मोबाइलवर मृत्यूची नोंद केली. कारणांच्या यादीत म्हातारपण नव्हतं. त्यांनी 'इतर' निवडलं. मग सहा आणि अकरासाठी नवा अर्ज उघडला. 'पाठवण्याची अपेक्षित तारीख' हा रकाना त्यांनी मोकळा सोडला, तर अर्ज पुढेच जाईना.

"टाका की एखादी," चहा ठेवत चतुराबाई म्हणाल्या.

"कुठली टाकू?"

"सहा नंबर तोवर जिवंत असेल, अशी."

धम्मरत्नांनी पिंजऱ्याकडे बघितलं, आणि अर्ज घेईल तेवढी जवळची तारीख टाकली.