ताकाची चूळ

आप्पा, म्हणजे माझे वडील, गेले त्याला आठ महिने झाले. लोक भेटायला येतात आणि त्यांच्या दम्या-खोकल्याबद्दल हळू आवाजात विचारतात. मला मात्र त्या खोकल्यातली एकच गोष्ट सारखी आठवते, आणि ती सांगताना हसू आवरत नाही.

मी दौंडला कॉलेजच्या ग्रंथालयात, आप्पा मांडवगण फराट्याला. फुफ्फुसाचा विकार जुना होता. सकाळ-संध्याकाळ औषधाचा पंप तोंडानं ओढायचा आणि नंतर चूळ भरायची, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. दोन वर्षांपूर्वी त्यांना ताप आला. दौंडच्या डॉक्टरांनी बेडका तपासायला पाठवला, तर त्यात यीस्ट वाढली.

"बुरशीचाच प्रकार हा," डॉक्टर म्हणाले. "बहुतेकदा निरुपद्रवी असतो. पण इथं नेमकी जात कळत नाही. औषधाला दाद न देणारी निघाली तर पुण्याला दाखल व्हावं लागेल."

नमुना पुण्याच्या प्रयोगशाळेत गेला. तिथं यीस्टची जनुकं वाचून जात ठरवणार होते.

"आम्ही मेंढराची जात कानावरनं सांगतो," आप्पा म्हणाले. "तुमास्नी त्याला एवढं मशीन लागतं व्हय?"

थट्टा केली, पण घरी आल्यावर ते थेट मेंढ्यांपाशी जाऊन बसले. कळप कधीच विकला होता. उरलेल्या सहा मेंढ्यांपैकी एक गाभण होती, पहिलटकरीण. ती त्यांच्याशिवाय कुणाला जवळ येऊ देत नसे.

"मी तिकडं पडलो आन् ही अडली, तर?" एवढंच ते म्हणत. ताप उतरला तरी हे म्हणणं थांबलं नाही.

आठवड्यानं डॉक्टरांनी बोलावलं. रिपोर्ट वाचताना त्यांच्या कपाळावर आठ्या पडल्या.

"आप्पा, दह्याचा धंदा करता का?"

"न्हाई. का वो?"

"ही दह्या-ताकात सापडणारी जात आहे. तोंडात आली कुठून? पंपानंतर चूळ भरता ना?"

"भरतो की. दोन टायमाला. नमुना दिला त्या दिशी तर चांगली दोनदा भरली. म्हटलं, स्वच्छ तोंडाचा द्यावा."

"पाण्यानं?"

"ताकानं. पाण्यानं घशाला बरं वाटत न्हाई."

"आणि ती चूळ थुंकता?"

आप्पांनी आधी डॉक्टरांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. असा माणूस डॉक्टर झालाच कसा, असा तो चेहरा होता.

"ताक कुणी थुकतं व्हय?"

मी पुस्तकांत वावरणारी बाई, दवाखान्यात मोठ्यानं हसणं माझ्या स्वभावात नाही. त्या दिवशी हसले. डॉक्टर चष्मा काढून डोळे पुसत होते. मग त्यांनी आप्पांना समोर बसवून साध्या पाण्यानं चुळा भरायला लावल्या आणि दुसरा नमुना घेतला. त्यात ती यीस्ट आली नाही. पुण्याला जायचं टळलं.

पुढच्या पंधरवड्यात मेंढी व्यायली. कोकरू आडवं आलं होतं. आप्पांनी बाह्या सरसावल्या, हळूहळू बोलत तिला शांत केलं आणि कोकरू सरळ करून बाहेर काढलं. पाठोपाठ दुसरंही आलं. दम लागला म्हणून ते भिंतीला टेकले, पंप ओढला, पाण्यानं चूळ भरून थुंकले आणि माझ्यापुढं हात केला.

"आता ताक आण. प्यायला."