नानांचा उजवा गाल

हातानं इलेक्ट्रिक गिटारी बनवणाऱ्या त्या छोट्या कारखान्यात रंगाआधीचं घासकाम नानांचं. तीस वर्षं पॉलिशपेपर चालवून त्यांचे घासूनाना झाले होते. लाकूड घासायचं, ओल्या फडक्यानं पुसायचं, उभे राहिलेले तंतू वाळले की पुन्हा घासायचं. मग नाना डोळे मिटून बोटं फिरवायचे आणि केसाएवढा ओरखडाही शोधून काढायचे. घासलेल्या लाकडाला दुसऱ्या कुणी बोट लावलेलं त्यांना खपत नसे. मालकसुद्धा हात मागे बांधूनच त्यांच्या टेबलाशी येत.

पण हल्ली त्या बोटांचाच पॉलिशपेपर झाला होता. बोटांना काही म्हणजे काही कळेना. मग नाना दार लोटून घेत आणि गिटारला उजवा गाल लावून ओरखडे शोधत. हे बाहेर फुटलं तर आपल्याला घरी बसवतील, या धास्तीनं ते मूग गिळून होते.

एका आठवड्यात तीन गिटारी बिघडल्या. लाकडाला कुठूनतरी तेल लागत होतं; त्या जागी रंग ठरेना, बारीक बारीक खळगे पडले.

"नाना, तुमच्याकडूनच काहीतरी लागतंय," रंगारी म्हणाला.

"माझ्याकडून? तुझी फवाऱ्याची नळी धू आधी."

रंगाऱ्यानं नळी धुतली. नानांनी कारखानाभर फिरून कुणाच्या डोक्याला तेल आहे, कोण डबा खाऊन हात धूत नाही, याची झडती घेतली. चोराच्या उलट्या बोंबाच त्या, फक्त चोराला अजून पत्ता नव्हता.

चौथी गिटार रंगाऱ्यानं खिडकीशी तिरपी धरली. खळग्यांचा बशीएवढा गोल होता आणि त्याच्या कडेला चक्क कान उमटला होता. त्यानं गिटारकडे पाहिलं, मग नानांच्या कानाकडे.

"नाना, गालाला काय लावता?"

नाना स्टुलावर बसले. "क्रीम. नात पापा देईना. खरखरीत लागतं म्हणायची. लेकीनं डबी आणून दिली, तेव्हापासून नात रोज पापा देते." मग खालच्या आवाजात म्हणाले, "बोटांना कळत नाही रे आता. गालावर भागवतोय. मालकांना सांगायचं तर सांग."

"सांगू काय? आम्हाला वाटायचं, दार लावून तुम्ही आत झोपता." रंगारी गिटार परत टेबलावर ठेवत म्हणाला, "गाल दोन आहेत ना? वाटणी करा."

दुसऱ्या दिवसापासून वाटणी झाली. क्रीम लावलेला उजवा नातीला, कोरडा डावा कारखान्याला. चौथी गिटार नानांनी मुळापासून घासली, डावा गाल लावून तपासली, आणि रंग असा बसला की त्यात बघून रंगाऱ्यानं भांग पाडून घेतला.

संध्याकाळी नाना ऐटीत घरी आले. नातीनं त्यांना खाली बसवलं, डोळे मिटले आणि दोन्ही गालांवरून सावकाश बोटं फिरवली.

"हा झाला," उजव्याचा पापा घेत ती म्हणाली. डाव्यावर बोट थांबलं. "हा अजून घासायला पाहिजे, नाना."

नानांना हसू आवरेना आणि डोळेही भरून आले. आपली बोटं कुठे गेली, ते त्यांना कळलं होतं.