औषधाच्या बाटलीतल्या पिठाच्या गोळ्या

ती घटना आजही आठवते, ती कोठडीतल्या एका माणसाच्या गप्प राहण्यामुळे.

नव्वदच्या दशकात मी दक्षिण बंगळूरमधल्या एका ठाण्यात इन्स्पेक्टर होतो. जे. पी. नगरातल्या एका बंगल्यात एक कार्यालय होते. नव्या औषधाची चाचणी अनेक शहरांतल्या इस्पितळांत एकाच वेळी चालायची असली की तिची आखणी करून देणे, बाटल्या पोचवणे, शिल्लक गोळ्या परत आणून तपासणे, ही डॉक्टरांची सारी व्यवस्था तिथले लोक पाहत. तेव्हा सांधेदुखीच्या एका औषधाची चाचणी चालू होती. निम्म्या रोग्यांना खरे औषध, निम्म्यांना हुबेहूब तशीच पिठाची गोळी. कोणाला काय मिळते, हे रोग्याला ठाऊक नसे आणि डॉक्टरलाही नसे. ते फक्त कार्यालयाला माहीत.

एके सकाळी तिथल्या संचालकबाई तक्रार घेऊन आल्या. औषध उन्हाळ्यात टिकते का, हे पाहण्यासाठी त्यांनी परत आलेल्या खऱ्या औषधाच्या बाटल्या तपासल्या होत्या. शहरातल्याच एका इस्पितळाच्या बाटलीत पिठाच्या गोळ्या निघाल्या.

"कुणीतरी औषध काढून विकतंय," त्या म्हणाल्या. "चोर सापडला नाही तर सगळ्या शहरांतलं काम वाया जाईल."

गुन्हा नोंदवला. दुपारच्या आत इस्पितळाच्या पहारेकऱ्याने खबर दिली. बाटल्यांची ने-आण करणारा माणूस पिशवीसकट मागच्या गल्लीतल्या एका घरात जातो आणि बराच वेळ बसतो. आम्ही त्याला उचलले. झडतीत काही मिळाले नाही.

"त्या घरात कशाला जातोस?" मी विचारले.

"शिल्लक बाटल्या आणायला, सार. त्या बाईंना चालवत नाही."

"बाटली घ्यायला इतका वेळ?"

"कॉफी देतात."

"इस्पितळासमोर हॉटेल नाही?"

"तिथे साखर स्वल्प जास्त घालतात."

हवालदार हसला. मी हसलो नाही. "उद्या कोर्टात उभा करीन. नोकरी जाईल. मुलीचं लग्न ठरलंय ना? तेही मोडेल."

त्याचे डोळे भरले. "सरी, सार, होऊ दे तसं. चोरी मी केली नाही. त्यापुढचं विचारू नका."

चोर फार बोलतो, हा माझा अनुभव. ह्याचे गप्प बसणे टोचत राहिले.

उशिरा जेवायला घरी गेलो. त्या दिवशी दोन ठिकाणांहून प्रसाद आला होता. एकात बदाम आणि खडीसाखर, दुसऱ्यात नुसते गूळ-खोबरे. पत्नी दोन्ही परातीत कालवून वाट्या भरत होती.

"वेगवेगळा दे की," मी म्हणालो.

"एकाच्या हातावर बदाम आणि दुसऱ्याच्या हातावर खोबरं? असा वाटतात का प्रसाद?"

माझा घास हातातच राहिला. चोर काढून नेतो, ठेवून जात नाही. मग हुबेहूब तशा पिठाच्या गोळ्या त्या बाटलीत आल्या कुठून? मी उठलो. "निदान प्रसाद तरी खा," ती मागून म्हणाली.

कार्यालयाला फोन केला. "त्याच इस्पितळातून आलेल्या पिठाच्या बाटल्या तपासल्यात?"

"पिठात काय तपासायचं?" बाई म्हणाल्या.

"औषध आहे का, ते."

संध्याकाळी त्यांचा फोन आला. एका बाटलीत खरे औषध सापडले होते. दोन्ही बाटल्या एकाच गल्लीतल्या दोन बायकांच्या होत्या.

संचालकबाईंना घेऊन मी तिथे गेलो. दोघींची बोटे वाकलेली. एक आमच्यासारखीच, पिढ्यान्‌पिढ्या इथे राहिलेल्या मराठी घरातली. दुसरी तिची कन्नड शेजारीण.

"डॉक्टरांनी सगळं नीट समजावलं होतं, अण्णा," पहिली म्हणाली. "कोणाला औषध येईल, कोणाला पीठ, ते कळणार नाही. आम्ही सही केली. मग घरी येऊन दोन्ही बाटल्या ताटात ओतल्या आणि सारख्या वाटून घेतल्या."

"असं का केलंत?" बाईंचा आवाज चढला.

उत्तर शेजारणीने दिले. "हिचे हात बरे झाले आणि माझे नाहीत, तर हिच्या दारात मी कशी बसू?"

बाटल्या नेणाऱ्या त्या माणसाने त्यांना गोळ्या वाटून घेताना पाहिले होते. हे बाहेर पडले तर दोघींचे उपचार बंद होतील, म्हणून कोणाला न सांगण्याचा त्याने शब्द दिला होता.

बाईंनी दोघींची नावे चाचणीतून काढली. ते त्यांना करावेच लागले. मात्र उपचार चालू ठेवण्याचे डॉक्टरांकडून कबूल करून घेतले. यापुढे चाचणीत कोणाला घेण्याआधी त्याच्या ओळखीचे, शेजारचे कोणी तीत आहे का, हे सगळ्या इस्पितळांना विचारायला लावले. त्या माणसाला मी त्याच संध्याकाळी सोडले. दारात तो थांबला. "आता कॉफी घेणार, सार? साखर कमी."

पोलिसाची नजर सवयीने काय गेले तिकडे जाते. काय आले, तेही पाहावे, हे मी त्या दिवशी शिकलो. पुढे सारी नोकरी ते मला उपयोगी पडले, आणि शिकवले होते परातीपाशी बसलेल्या बाईने.

ती जाऊन वर्ष झाले. परवा दोन घरांतून प्रसाद आला. मी परात काढली, दोन्ही कालवले, वाट्या भरल्या. घरातल्या सगळ्यांना दिल्या, तरी एक वाटी उरली.