डावी पाकळी

मुळगावची देवकी प्रसाद, म्हणजे देवाचा कौल, घेतल्याशिवाय वासरूसुद्धा विकत घेत नसे. देवाच्या ओल्या मूर्तीवर गुरवाने फुलाच्या पाकळ्या लावायच्या आणि प्रश्न विचारायचा; उजवी आधी पडली तर होय, डावी पडली तर नाही. एवढी भाविक बाई, पण गंगाला घरात आणताना तिने देवाला विचारलं नव्हतं. सावंतवाडीकडून खाणीवर कामाला आलेली गंगा तिच्याकडे राहिली ती राहिलीच. दोघींचा संसार चारचौघांसारखा चालला होता. गाव त्यांना मैत्रिणी म्हणे आणि पुढचं न बोलण्याइतकं शहाणपण दाखवी.

देवकीचा धाकटा भाऊ आणि भावजय वारली, तेव्हा त्यांची तान्ही सिद्धी या दोघींच्या पदरात आली. पुढे ती शाळेत जाऊ लागली. वेणी गंगाने घालायची, पाढे देवकीने घ्यायचे. ताप चढला तर गंगा हात दाखवून खनिजाचा ट्रक थांबवी आणि पोरीला उराशी धरून डिचोलीचं इस्पितळ गाठी.

गोवा राज्य झालं त्या वर्षी थोरला भाऊ कृष्णनाथ धारगळहून आला. माणूस वाईट नव्हता. काळजी खरी होती, फक्त सवडीने आली होती.

“घरात बापूस नाय,” तो म्हणाला. “दोन बायलांच्या घरात चेडवाचा बरा कसा होतला? लोक काय म्हणतले? मी व्हरतंय तिका.” पोरीला धारगळला न्यायचं त्याने ठरवूनच टाकलं होतं.

देवकी सगळ्यांना घेऊन देवळात गेली. सवयीप्रमाणे तिने देवावर टाकलं, आणि तिथेच चुकली.

पोरीचं कल्याण या दोघींच्या घरात आहे का, असं गुरवाने विचारलं. डावी पाकळी पडली.

कृष्णनाथाने हात जोडले. खांबापाशी उभ्या गंगाच्या तोंडचं पाणी पळालं. सिद्धीने तिचा पदर घट्ट धरला होता.  ते पाहून देवकी पुढे झाली आणि सगळ्यांदेखत म्हणाली,

“देवा, आजवर तुजें आयकलें. ह्या चेडवाचें पूण माका कळटा.”

आणि पोरीला घेऊन घरची वाट धरली. कृष्णनाथ एकटाच धारगळला परतला. देवाशी भांडणाऱ्या बाईशी कोण भांडणार?  पण देव कोपेल ही भीती देवकीला खरोखरच वाटत होती. कोपलास तर माझ्यावर कोप, असं ती वाटभर पुटपुटत राहिली.

पुढच्या सोमवारी ती पुन्हा देवळात हजर. यंदा मिरची लावायची का, ते विचारायचं होतं. गुरव पाकळ्या हातात घेऊन थबकला.

“आयज देवाचें आयकतली मगो?”

“मिरसांगांचें आयकतां,” देवकी म्हणाली.